आवाजाची नस

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं ऑपरेशन ठरलं की रुग्णापुढे संमतिपत्र येतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भूल असे नेहमीचे धोके त्यात असतातच. त्यांच्यामध्ये एक ओळ हमखास असते, की ऑपरेशननंतर आवाज घोगरा होऊ शकतो, क्वचित कायमचा. बहुतेक जण न वाचता सही करतात. गाणारे, शिकवणारे, कोर्टात उभे राहणारे मात्र तिथे अडखळतात. ऑपरेशन ग्रंथीचं, स्वरयंत्राला कोणी हात लावणार नाही, मग आवाजाला धोका कुठून आला? त्याचं कारण आहे एक बारीक नर्व्ह. ते पहिल्यांदा सविस्तर लिहून ठेवणारा वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये आपलं बस्तान बसवत होता. त्याचं नाव गेलेन.

वैद्यकात हिपॉक्रेटिसच्या नावाने शपथ घेतात आणि गेलेनच्या नावाने बोटं मोडतात. चार द्रवांचा सिद्धांत, उठसूट रक्त काढणं, पुढच्या तेरा-चौदा शतकांवर बसलेली त्याची पोलादी पकड हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, त्यात मी पुन्हा शिरत नाही. मला गेली अनेक वर्षं नादाला लावलं आहे ते या एका नर्व्हने. डॉक्टर मंडळी तिला रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह म्हणतात, घाईत असले की नुसतं आरएलएन. गेलेनचं काय टिकलं आणि काय मेलं, हे त्याच्या पोथ्यांचे ढीग उपसण्यापेक्षा या एका धाग्यावरून जास्त स्वच्छ कळतं, असं माझं मत झालं आहे.

तिचा मार्ग मुळातच विचित्र. मेंदूच्या तळातून निघालेली व्हेगस नर्व्ह मानेतून छातीत उतरते. वाटेत स्वरयंत्र अगदी हाताशी असतं, पण त्याचे बहुतेक स्नायू हलवणारी फांदी तिथे फुटतच नाही. ती व्हेगसबरोबर खाली जाते, डावीकडे थेट महाधमनीच्या कमानीखालून वळते, उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून, आणि मग श्वासनलिका नि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा वर चढते. पुण्याहून नाशिकला निघालेल्या गाडीने आधी कोल्हापूर गाठावं, तसला हा वळसा. परतीच्या वाटेवर ती थायरॉइडला मागून घासून जाते आणि सर्जनची पंचाईत करून ठेवते.

गेलेनला ती का शोधावीशी वाटली? गळ्याची ऑपरेशनं करायची होती म्हणून नाही. एक तात्त्विक भांडण जिंकायचं होतं म्हणून.

माणसाचा विचार कुठे राहतो, हे ते भांडण. ॲरिस्टॉटल हृदयाच्या बाजूचा. स्टोइक पंथाच्या झेनो आणि क्रिसिपस यांचा युक्तिवाद तर ऐकायला बिनतोड : बोलणं विचारातून येतं, आवाज छातीतून वर येतो, तेव्हा विचाराचं ठाणं छातीतच असणार. आपणही ‘मनापासून सांगतो’ म्हणताना हात कपाळावर नेत नाही, छातीवर ठेवतो. हा युक्तिवाद खोडायला गेलेनने शब्दांवर शब्द रचले नाहीत. त्याने जिवंत जनावर पाटावर घेतलं. छाती उघडून हृदय बोटांत किंवा लोहाराच्या चिमट्यात दाबलं तरी जनावर ओरडत राहतं, श्वास घेत राहतं, फक्त नाडी बिघडते. मेंदू दाबला की ते निपचित पडतं, आवाज जातो. आणि स्वरयंत्राकडे जाणारे ते दोन केसासारखे धागे आवळले की जनावर जिवंत, शुद्धीवर, धडपडणारं, पण मुकं. आवाजाची दोरी मेंदूच्या हातात आहे, छातीच्या नाही.

हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. भूल नव्हती. मेंदू उघडायच्या प्रयोगाला माकड घेऊ नका, डुक्कर किंवा बकरी घ्या, असा गेलेनचा सल्ला आहे. कारण काय, तर माकडाचा चेहरा त्या वेळी बघवत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना होणारा त्रास त्याच्या लक्षात आला, पाटावरच्या डुकराचा आला नाही. आजच्या कुठल्याही प्राणी-नीतिसमितीने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तो रोममध्ये आला १६२ साली. पर्गाममच्या एका वास्तुविशारदाचा मुलगा, तिथल्या ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवून हात बसलेला, तिशी नुकती ओलांडलेला आणि स्वतःविषयी कमालीचं चांगलं मत असलेला. फ्लाव्हियस बोएथुस नावाच्या माजी कॉन्सलच्या तो नजरेत भरला. बोएथुस ॲरिस्टॉटलच्या पंथाचा अभ्यासू होता. त्याने आवाज आणि श्वास यांच्या प्रात्यक्षिकासाठी करडं आणि डुकरं आणवली, शहरातली बुद्धिमंत मंडळी बोलावली. टायरचा हेड्रियन, अलेक्झांड्रियाचा डिमेट्रियस असे नावाजलेले वक्ते येऊन बसले. आणि दमास्कसचा अलेक्झांडरही आला. हा बोएथुसचा तत्त्वज्ञानातला गुरू, पुढे अथेन्समध्ये सरकारी पगारावर ॲरिस्टॉटल शिकवणारा.

गेलेनने आधी जाहीर केलं : स्वरयंत्राच्या स्नायूंमध्ये शिरणाऱ्या, केसासारख्या बारीक नर्व्हची जोडी मी दाखवणार आहे, ती बांधली किंवा कापली की जनावराचा आवाज जाईल, पण जिवाला आणि हालचालीला धक्का लागणार नाही. सुरी चालणार इतक्यात अलेक्झांडरने तोंड उघडलं. त्याचा प्रश्न असा, की इंद्रियांना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा, हे आपण आधी मान्य केलं आहे का?

गेलेनचं डोकं फिरलं. असल्या गावंढळ संशयवाद्यांमध्ये आपल्याला यायचं आहे हे माहीत असतं तर आलोच नसतो, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून तो तडक निघून गेला. मंडळी खट्टू झाली, अलेक्झांडरला बोल लावू लागली. पुढे तत्त्वज्ञान आणि वैद्यक या दोन्ही क्षेत्रांतली बडी मंडळी पुन्हा जमवण्यात आली, बरेच दिवस प्रात्यक्षिकं चालली आणि गेलेनने सगळं करून दाखवलं. बोएथुसने लघुलेखक पाठवले आणि गेलेनने त्यांना सगळं सांगून उतरवून दिलं. दुसऱ्या शतकातल्या वैज्ञानिक प्रात्यक्षिकाला स्टेनोग्राफर हजर, ही कल्पनाच मला भारी वाटते.

हा सगळा वृत्तांत गेलेनने पंधराएक वर्षांनी लिहिला. म्हणजे साक्षीदार तोच, फिर्यादी तोच आणि न्यायाधीशही तोच. अलेक्झांडरची बाजू अलेक्झांडरच्या शब्दांत आपल्याकडे नाही. त्याच्याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

प्रात्यक्षिकातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट कापणं नव्हे, बांधणं. श्वासाला लागणाऱ्या, बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नर्व्हभोवती दोरे कसे ओवायचे ते गेलेनने बारकाईने लिहिलं आहे. वाकडी सुई कशी घालायची, फास असा ठेवायचा की झटकन सोडता यावा. जनावराला फटका मारला की ते ओरडतं. दोरे आवळले की एकदम गप्प. सोडले की पुन्हा ओरडायला लागतं. बघणारे थक्क व्हायचे. थोडं नाटक त्यात आहे, पण कस त्या सुटणाऱ्या गाठीतच आहे. नुसतं कापून आवाज घालवला असता तर विरोधक म्हणाला असता, जनावर वेदनेने किंवा रक्त जाऊन गप्प झालं. सोडल्यावर आवाज परत येतो म्हटल्यावर ती पळवाट बंद. कारण लावा, परिणाम दिसतो. कारण काढा, परिणाम जातो. औषधशास्त्रात एखाद्या औषधाने त्रास होतोय का हे ठरवताना आजही ते थांबवून बघतात आणि निभणार असेल तर पुन्हा देऊन बघतात. तर्क तोच, गाठ तीच.

प्रयोगशाळेतला हा शोध रुग्णाच्या गळ्यापर्यंत कसा पोचला, ते गेलेनच्या दुसऱ्या एका पुस्तकात, रोगाने ग्रासलेली जागा ओळखण्याविषयीच्या ग्रंथात सापडतं. एका मुलाला गंडमाळा झाल्या होत्या, मानेत खोलवर. ऑपरेशन करणाऱ्याने रक्तवाहिनी कापली जाईल या भीतीने हत्यार बाजूला ठेवलं आणि गाठी नखांनी ओरबाडून काढल्या. गंडमाळा गेल्या आणि आवाजही गेला. नकळत दोन्ही नर्व्ह उपटल्या गेल्या होत्या. दुसऱ्या एकाने दुसऱ्या मुलावर असाच हात चालवला. तिथे एकच नर्व्ह गेली आणि मूल अर्धमुकं झालं. लोकांना नवल वाटलं, की नरडं शाबूत, श्वासनलिका शाबूत, मग आवाज गेला कसा? गेलेनने त्यांना आवाजाच्या नर्व्ह दाखवल्या आणि नवल संपलं.

या मुलांची नावं नाहीत, सर्जनचंही नाही. पण वैद्यकाच्या इतिहासातल्या या दोन ‘केसेस’ सम्राटांच्या आजारपणांहून मोलाच्या आहेत. एक नर्व्ह गेली तर घोगरा, दोन्ही गेल्या तर मुका, हे गणित आज कान-नाक-घसा विभागातल्या विद्यार्थ्याला पाठ असावं लागतं. आज त्यात एक भर आहे : दोन्ही बाजू एकदम गेल्या तर आवाजापेक्षा श्वासाची चिंता मोठी, कारण स्वरतंतू मध्येच अडकून वाट बंद होते आणि गळ्याला भोक पाडून नळी घालायची वेळ येते.

आता हे लिखाण आपल्यापर्यंत पोचलं कसं, ती गोष्ट.

१९२ साली रोममध्ये मोठी आग लागली. व्हिया साक्रा या रस्त्यालगतच्या कोठारांत गेलेनने आपले ग्रंथ, औषधं, उपकरणं ठेवली होती. कोठारं सुरक्षित समजली जात. दरवाजे सोडले तर लाकूड नाही, सरकारी दप्तर जवळच म्हणून सैनिकांचा पहारा. भाडंही त्यामुळे चढं. सगळं जळालं. उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रंथांच्या प्रती कँपेनियातल्या घरी हलवायचा त्याचा बेत होता. आग त्याआधी आली.

एवढी माहिती आपल्याला आहे याचं श्रेय २००५ सालच्या एका सापडण्याला. थेसालोनिकीच्या व्लाताडोन मठातल्या १४ क्रमांकाच्या हस्तलिखितात अंत्वान पिएत्रोबेली या फ्रेंच संशोधक विद्यार्थ्याला गेलेनचं एक पत्र मिळालं. दुःख न करण्याविषयीचं हे पत्र पूर्णपणे हरवलं असं समजलं जात होतं. गावाकडच्या मित्राने विचारलं होतं, इतकं सगळं गेलं तरी तू खचला कसा नाहीस? गेलेन उत्तरात आपण किती शांत आहोत ते सांगतो, आणि सांगता सांगता काय काय जळालं याची यादी लांबतच जाते. ग्रंथ, शब्दसूचींची टिपणं, कुठेच न मिळणारे औषधांचे पाठ. शांत माणूस इतकी लांब यादी देत नाही, असं मला वाटतं. पण हा बढाईखोर माणूस इथे पहिल्यांदा जवळचा वाटला.

त्या आगीत विच्छेदनाच्या पद्धतींवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचे शेवटचे काही खंडही गेले. साठी ओलांडलेल्या गेलेनने ते पुन्हा लिहिले. एकूण १५ खंड. नियतीचा हट्ट असा, की पुढे ग्रीकमधून तेच पुन्हा हरवले. आठ खंड आणि नवव्याचा काही भाग एवढंच उरलं. अकराव्यात स्वरयंत्र होतं, चौदाव्यात मेंदूतून निघणाऱ्या नर्व्ह. म्हणजे आपल्याला हवं तेच नेमकं गेलेलं. ते वाचलं बगदादमध्ये. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती विद्वान आणि त्याचा भाचा हुबैश यांच्या मंडळीने गेलेनचं लिखाण सिरियाकमध्ये आणि अरबीत आणलं; हुनैनने गेलेनच्या अनुवादित ग्रंथांची जी यादी केली तीत १२९ नोंदी आहेत. हरवलेले खंड त्या अरबी अनुवादात राहिले. १९०६ साली माक्स सिमोन यांनी ऑक्सफर्ड आणि लंडनमधल्या हस्तलिखितांवरून ते जर्मन अनुवादासह लाइपझिगला छापले. केंब्रिजचे शरीररचनातज्ज्ञ डकवर्थ यांनी त्यांचं इंग्रजी केलं. ते पुस्तक १९६२ साली आलं तेव्हा डकवर्थ हयात नव्हते. एकदा जळालेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा हरवलेलं आणि परक्या भाषेत तग धरलेलं हे लिखाण. युनानी दवाखान्यातल्या जुन्या हकिमांच्या तोंडी ‘जालीनूस’ हे नाव येतं, ते याच वाटेने आलेलं.

युरोपात मात्र गेलेनची पोथी झाली होती. बाझेलला १५४३ साली व्हेसेलियसने मानवी शरीररचनेवरचा आपला ग्रंथ छापला आणि गेलेनच्या चुका मोजून दाखवल्या. मूळ दोष एकच : गेलेनने माकडं, डुकरं, बैल चिरले आणि माणसाविषयी लिहिलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते बकरीत असतं, माणसात नसतं. यावर व्हेसेलियसचे पॅरिसचे गुरुजी सिल्व्हियस इतके खवळले की १५५१ साली त्यांनी शिष्याला वेडा ठरवणारी पुस्तिकाच काढली. गेलेन चुकलेला नाही, तेव्हापासून माणसाचं शरीरच घसरलं आहे, हा त्यांचा बचाव! मांडीचं हाड गेलेन म्हणतो तसं वाकडं का नाही, तर तंग विजारींमुळे सरळ झालं, असाही खुलासा त्यांच्या नावावर सांगतात. गंमत म्हणजे त्याच बंडखोर व्हेसेलियसचं शेवटचं प्रकरण जिवंत जनावरांच्या विच्छेदनावर आहे, आणि तिथे आवाजाच्या नर्व्हचा प्रयोग आहे. त्याच्या ग्रंथातल्या एका मोठ्या आद्याक्षरात छोटे देवदूत डुकराला पाटावर बांधताना कोरले आहेत. गेलेनला पाडणाऱ्यानेही डुक्कर त्याचंच घेतलं.

पोथीची दहशत कशी असते, याची आपल्या किनाऱ्यावरची साक्ष गार्सिया द ओर्ताची. पोर्तुगालचा हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या वनौषधींवरच्या संवादग्रंथात तो कबूल करतो, की स्पेनमध्ये असताना गेलेन आणि ग्रीकांविरुद्ध ब्र काढायची आपली छाती झाली नसती. इथे वैद्य नि हकीम भेटले, झाडं हाताने चाचपता आली, आणि जीभ सुटली. पण ही मोकळीक पोथीपुरतीच. त्याच्या मृत्यूनंतर धर्मपीठाने १५८० साली गुप्त यहुदी म्हणून त्याची हाडं उकरून जाळली.

परत त्या वळशाकडे. नर्व्ह खाली जाऊन वर का येते? गेलेनचं उत्तर असं : निसर्ग काहीच व्यर्थ करत नाही. स्वरयंत्राचे काही स्नायू खालच्या दिशेने ओढायचे, तर दोरीही खालूनच यायला हवी. मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या यंत्रात दोरी कप्पीवरून वळवतात, शर्यतीत धावणारे खांबाला वळसा घालून परततात, तशी ही नर्व्ह धमनीला वळसा घालते. इथे तो भक्तिभावाने इतका भारावतो की वाचकाला एलेउसिसच्या गूढ दीक्षाविधीची आठवण देऊन नीट ऐक म्हणतो.

आज नेमका हाच वळसा उत्क्रांतीच्या वर्गात उलटा वापरतात. गर्भात मान नसतेच; हृदय आणि त्याच्या कमानी घशापाशी असतात आणि नर्व्ह त्यातल्या एका धमनीखालून सरळ जाते. माशात ती तशीच सरळ कल्ल्यांकडे जाते. मान लांबली, हृदय छातीत उतरलं, धमनीने नर्व्हला खाली ओढत नेलं. जिराफात हा फेरा कित्येक मीटरचा होतो. मॅथ्यू वेडेल यांनी २०१२ साली लांब मानेच्या डायनोसॉरांमध्ये तो किती लांबला असेल याचं गणित मांडलं. ज्या वळशात गेलेनला निसर्गाचं परम शहाणपण दिसलं, त्यातच आजच्या जीवशास्त्राला जुन्या घराची डागडुजी दिसते. निरीक्षण जागच्या जागी राहिलं. ‘का’चं उत्तर पार उलटलं.

आणि ऑपरेशन थिएटरात फक्त निरीक्षणाचीच गरज असते. १९०९ साली थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळवणाऱ्या कोखरच्या पिढीला या नर्व्हची धास्ती होती. तिच्या वाटेला जाऊच नका, अशी शिकवण बराच काळ चालली. बोस्टनच्या फ्रँक लेहींनी १९३८ साली उलट आग्रह धरला : प्रत्येक वेळी तिला शोधा, उघडी करा, डोळ्यांनी बघा आणि मग ग्रंथी काढा. नखांनी ओरबाडणाऱ्याला गेलेनने हेच ऐकवलं असतं. इटालियन गायिका गाल्ली-कुर्ची हिचं १९३५ साली शिकागोत गलगंडाचं ऑपरेशन झालं, फक्त जागा बधिर करून, म्हणजे चाकू चालू असताना तिचा आवाज ऐकता यावा. पुढे तिचं गाणं उतरलं. त्याचं खापर सर्जनवर आणि स्वर चढवणाऱ्या शेजारच्या नर्व्हवर फुटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट ताकीद म्हणून सांगितली गेली. २००१ साली दोन सर्जननी सगळे पुरावे तपासून, दोष ऑपरेशनचा नसावा असं दाखवलं. आता घशात घातलेल्या नळीलाच तारा असतात. सर्जन नर्व्हला हलका विद्युत्स्पर्श करतो, स्वरतंतू आखडतो आणि यंत्र आवाज करतं. भूल दिलेल्या रुग्णाच्या वतीने बोलणारं हे यंत्र त्या डुकराचं सभ्य रूप आहे.

थिएटराबाहेरही ती नर्व्ह कामाला येते. नॉर्बर्ट ओर्टनर यांनी १८९७ साली हृदयाची झडप आकसल्यामुळे आवाज बसलेले रुग्ण नोंदवले. छातीत डावी नर्व्ह दाबली गेली होती. संधिवाती तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून आवाज बरेच दिवस बसलेला असेल तर जाणता डॉक्टर घसा बघून थांबत नाही, छातीचा एक्स-रेही काढतो. कधी तिथे फुप्फुसाचा कॅन्सर दडलेला असतो. गळ्याचं दुखणं छातीत शोधायचं, ही युक्ती गेलेनच्या नकाशाशिवाय सुचली नसती.

आता दमास्कसच्या अलेक्झांडरकडे. गेलेनने त्याला कायमचं मूर्ख ठरवलं आणि आपणही वाचताना गेलेनच्या बाजूने हसतो. पण त्याचा प्रश्न वाया गेलेला नाही. डोळ्यांनी दिसलं ते खरं, हे गेलेनचं म्हणणं. बकरीच्या मेंदूतलं जाळं त्याने डोळ्यांनीच पाहिलं होतं आणि माणसाच्या माथी मारलं. जे दिसलं त्यावरून कुठवर बोलायचं, डुकरात खरं ते माणसात कितपत खरं, दोन मुलांवरून सगळ्यांविषयी काय म्हणता येईल, हे प्रश्न त्या दिवशी कोणीतरी विचारायला हवे होते. अलेक्झांडरने ते भलत्या वेळी, कदाचित खोडसाळपणे, फार ढोबळ करून विचारले. आजचा कुठलाही औषधाचा प्रयोग त्या दोघांना एका टेबलावर बसवतो : एक गाठ बांधतो नि सोडतो, दुसरा विचारतो की दिसलं ते कशावरून खरं. गेलेनच्या वारसांनी त्याची गाठ विसरून त्याची पोथी धरली आणि अलेक्झांडरला हाकलून लावलं, म्हणून तेरा-चौदा शतकं गेली. गेलेनचं ऋण मानायचंच तर त्याच्या सुटणाऱ्या गाठीचं मानावं. आणि ज्याच्या प्रश्नावर तो उठून गेला, त्यालाही त्यातला वाटा द्यावा.